मोहरमच्या शुभेच्छा

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पाऊस रुसलेला. मी लोह्याकडच्या खेड्यातला, आमच्या ऑफिसात नवाच कारकून. शेजारच्या टेबलावर टायपिस्ट आपा बसायच्या. वयानं माझ्या आईएवढ्या, लातूरच्या जुन्या मुसलमान घरातल्या.

साहेब पुण्याकडचे. कुणाचाही सण असो, टेबलापाशी जाऊन शुभेच्छा द्यायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "उद्या मोहरम. काय म्हणतात हो?"

आमच्या गावात मोहरम म्हणजे ढोल, वाघाची सोंगं, सरबत आणि गुळाचे चोंगे. पीराच्या सवारीपुढं माझा आजाच नाचायचा. मी छातीठोक सांगितलं, "मुबारक म्हणायचं, साहेब."

सुट्टीनंतर साहेब आपांसमोर उभे राहिले. "मोहरम मुबारक!"

आपांनी चष्म्यावरून आधी साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "शुक्रिया, साहेब."

साहेब गेल्यावर म्हणाल्या, "हे तुझंच काम हाय ना? अरे, दुखवटा असतो तो. शहिदांचा."

माझे कान तापले. "साहेबांना सांगून येतो."

"नगं. मी बघते काय करायचं ते."

दोनेक आठवडे गेले. सर्वपित्री अमावास्येला आपा सकाळीच साहेबांच्या खोलीत शिरल्या. मी फाईल घेऊन तिथंच होतो.

"सर्वपित्री मुबारक, साहेब! तुमच्या पितरांना लई लई शुभेच्छा."

साहेबांचा पेन हवेतच राहिला. "अहो आपा, आज शुभेच्छा देत नसतात."

"न्हाई? मग मोहरमला बी देत न्हाईत."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी फाईलीत डोकं घातलं. ती उलटी धरली होती. साहेब उठले, हात जोडले. "चुकलं माझं."

"मनातून बोललात, राग न्हाई," आपा हसल्या. "फक्त ह्याला विचारून बोलू नका."

शिक्षा मलाच झाली. ऑफिसातल्या प्रत्येकाला त्याच्या सणाला काय म्हणायचं ते विचारून यादी करायची. लिंगायत हेडक्लार्कांनी बसवजयंतीबद्दल तासभर ऐकवलं. ड्रायव्हर म्हणाला, "जय भीम लिव्हा. सणाची वाट बघायची गरज न्हाई."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना आपट्याची पानं वाटली. दुष्काळानं ती पिवळी पडलेली. आपा पान फिरवून बघत म्हणाल्या, "साहेब, औंदा सोनं खरंच पिवळं हाय की!"

साहेब पोट धरून हसले. आपांनी ते पान पर्समध्ये नीट ठेवलं आणि माझ्याकडूनही सोनं घ्यायला हात पुढं केला.