उजवा गुडघा

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी दाट धुकं. ओढ्यावर मोजे धुतले, वाळले नाहीत. डाव्या टाचेला फोड. माझी सॅक जड लागली. काल एवढी लागली नव्हती.

डायरीची सवय शाळेतली. आमच्या नन म्हणत, काय वाटलं ते लिहू नका, काय झालं ते लिहा. म्हणून त्या दिवशी एवढंच लिहिलं.

माझे यजमान घरसामान हलवणाऱ्या कंपनीत पॅकर होते. मी त्याच कंपनीत फोनवर बुकिंग घ्यायची. हे दिसायला काडीसारखे, पण पाठीला पट्टा लावून फ्रिज तिसऱ्या मजल्यावर नेत. सगळे त्यांना 'क्रेन' म्हणत. काचेची भांडी ते कागदात गुंडाळून खोक्यात उभी लावायचे. आडवी लावली की फुटतात, हे त्यांनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं होतं. त्यांनी बांधलेली गाठ कधी सुटली नाही. हातात धरून कुठल्याही वस्तूचं वजन सांगायचे.

निवृत्त झाल्यावर म्हणाले, "आयुष्यभर लोकांची घरं उचलली. आता आपलं घर पाठीवर घेऊन हिंडू." डोंगररांगेतल्या जंगलातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायवाट जाते. ती पुरी चालायची, हे त्यांनी ठरवलं. मला विचारलं नाही. मीही नाही म्हटलं नाही.

रोज सकाळी मी तंबू गुंडाळायची, ते दोन्ही सॅक भरायचे. त्यांच्या भरण्यात मी कधी हात घालत नसे. पण त्या मंगळवारी कोरडे मोजे शोधायला मी माझी सॅक तळापर्यंत उपसली. तळाशी त्यांच्या सॅकमधलं पातेलं होतं. तांदळाची पिशवी होती. जमिनीवर अंथरायची ताडपत्री, जी पहिल्या दिवशी त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतली होती, तीही होती. मी सगळं जसं होतं तसं परत भरलं.

मग लक्ष ठेवलं. प्रत्येक चढावर त्यांच्या बुटाची नाडी सुटायची. ते खाली बसून ती बांधायचे. बांधून झाल्यावरही बसून राहायचे. ओठांचा रंग बदललेला असायचा.

शुक्रवारी दुपारी खिंडीच्या अलीकडच्या वनचौकीवर पोचलो. तिथला वनरक्षक बायकोसह राहत होता. उंदरांपासून वाचवायला त्याने आमच्या सॅक उचलून खुंटीला लावल्या.

"आजोबा, ही तुमची? कापूस भरलाय की काय?" मग दुसरी उचलली. "अरे बापरे! आजींना हमाल केलंत होय?"

त्याची बायको पदर तोंडाशी धरून हसली.

"लग्नातच ठरलं होतं," मी म्हटलं. "यांनी बांधायचं, मी उचलायचं."

सगळे हसले. हे हसले नाहीत. उठून पायरीवर जाऊन बसले.

वनरक्षकाने सांगितलं, रोपं घेऊन आलेला ट्रक उद्या सकाळी खाली जाईल. खिंड ओलांडली की पलीकडच्या टोकापर्यंत कुठेच रस्ता नाही. कोणी आजारी पडलं तर झोळीत घालून आणावं लागतं.

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"उद्या ट्रकने जाऊ."

"का? मला काय धाड भरलीय?"

"तुमचं कोण बोलतंय? माझा गुडघा दुखतोय."

"कुठला?"

"उजवा."

"काल तर बकरीसारखी उड्या मारत होतीस."

"म्हणून तर दुखतोय."

त्यांनी माझा गुडघा दाबून पाहिला. "सूज नाही."

"आतून आहे."

त्यांनी हात काढला नाही. समोर झाडंच होती, दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं.

"तुझं नेहमी काहीतरी असतंच," शेवटी म्हणाले आणि बूट काढायला वाकले. बराच वेळ लागला. मग पट्टी आणून माझ्या गुडघ्याला घट्ट, व्यवस्थित बांधली.

सकाळी वनरक्षकाला म्हणाले, "काय करणार? हिच्या गुडघ्याने घात केला." ट्रकमध्ये बसल्या बसल्या त्यांना झोप लागली.

डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही. खिंड चढला असतात तर तिथेच राहिला असतात. हे म्हणाले, "हिच्या गुडघ्याला औषध द्या आधी."

त्यानंतर कोणीही भेटलं की ते गुडघ्याची गोष्ट सांगायचे. दर वेळी थोडी वाढवून. शेवटी शेवटी त्या गोष्टीत त्यांनी मला पाठुंगळीवर घेऊन चौकीपर्यंत आणलं होतं. मी चहा ठेवायला आत जायची.

मार्चमध्ये ते गेले. दुसऱ्या दिवशी मोठ्या नणंदबाई आल्या. रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "त्याची एवढी एक हौस होती गं. तुझ्या गुडघ्यापायी राहिली."

"हो, वन्सं."

"आता कसा आहे?"

"जिना चढताना दुखतो."

त्यांना वरच्या खोलीत न्यायचं होतं. मी कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले. त्या मागून येत होत्या.

त्या संध्याकाळी डायरीत लिहिलं: टाकीचा फ्लोट अडकला, गच्चीवरून पाणी वाहिलं. प्लंबर उद्या येतो म्हणाला.