चढता पारा

माझी थोरली बहीण अहल्या बारा वर्षांची होती तेव्हा, छप्पन साली, तिच्या शाळेत मुलींची डॉक्टरी तपासणी झाली. दंडाला कापडी पट्टा बांधून, रबरी फुग्यानं हवा भरून डॉक्टर रक्तदाब मोजत होते. ताईची पाळी आली आणि नळीतला पारा एकशे पन्नासवर गेला. पुन्हा मोजलं, तर एकशे छप्पन.

"इतनी छोटी लड़की, और इतना प्रेशर!" डॉक्टर शेजारच्या डॉक्टरांना म्हणाले.

ताईला कुणीच काही सांगितलं नाही. आमच्या वडिलांना, अण्णांना, बोलावून घेतलं. लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. काही निघालं नाही. तरी पारा दर खेपेला चढाच. मग हुकूम सुटला: शाळा बंद, जिना चढायचा नाही, अळणी जेवण, दाब उतरवायला दोन वेळा सर्पगंधेच्या गोळ्या आणि दिवसभर पलंग.

माधव नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत पलंग खिडकीशी ओढला. सकाळी मी दप्तर घेऊन निघाले की ताई भिंतीकडे तोंड करून पडायची. गोळ्यांनी तिचं नाक चोंदायचं, डोळे जड व्हायचे. हसणारी, भांडणारी माझी बहीण आठ-आठ दिवस बोलायची नाही. सुलू नावाची तिची मैत्रीण सुरुवातीला रोज यायची. पण आई दारातच सांगायची, "फार हसवू नकोस हं तिला." हळूहळू सुलू येईनाशी झाली.

नोव्हेंबरात मध्य भारत हे राज्य संपलं, नवा मध्य प्रदेश झाला आणि अण्णांच्या कचेरीची माणसं भोपाळला गेली. ताईला प्रवास झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. अण्णा एकटेच गेले. आई, मी आणि अक्का, म्हणजे अण्णांची विधवा बहीण, ताईबरोबर मागे राहिलो. दर महिन्याला टांग्यातून तिला दवाखान्यात न्यायचं, पारा चढलेला बघायचा, गोळी वाढवून परत यायचं. तेरा महिने हेच.

सत्तावनच्या सप्टेंबरात एका सकाळी ताई पलंगावरून उठली आणि धाडकन खाली पडली. आमचे डॉक्टर इंदूरला गेलेले. अक्का धावत जवळच्या फ्रीगंज वस्तीत गेली आणि नव्यानं दवाखाना घातलेल्या डॉ. शरच्चंद्र तारे यांना घरून उठवून घेऊन आली. तरुण माणूस, पायजमा आणि बुशशर्टवरच आले. ताई अर्धवट शुद्धीत होती. त्यांनी दाब मोजला, उशाशी ठेवलेली गोळ्यांची बाटली बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अठ्ठ्याऐंशी. हिला जास्त दाबाच्या गोळ्या कोण देऊन राहिलंय?"

आईनं सगळं सांगितलं. त्यांनी गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि महिन्यानं ताईला दवाखान्यात बोलावलं. तिथं ते पांढऱ्या कोटात होते. पारा एकशे अठ्ठेचाळीस! आई रडायलाच लागली. डॉक्टर मात्र ताईपुढे स्टूल ओढून बसले.

"अहल्या, हा पट्टा बांधला की तुला काय वाटतं?"

ताईनं पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "वाटतं, आज सांगतील."

"काय सांगतील?"

"मी केव्हा मरणार ते."

तेरा महिने आम्ही तिच्या उशाशी बसत होतो, आणि हे कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी यंत्र अक्काच्या हवाली केलं. नळी कानाला लावून ठोका कधी ऐकू येतो, कधी बंद होतो, हे तिला तीन दिवस शिकवलं. अक्का ताईशी गप्पा मारता मारता, सकाळ-संध्याकाळ मोजू लागली. पहिल्या दिवशी एकशे तीस. मग एकशे अठरा, एकशे दहा, एकशे आठ. पंधरा दिवसांचा कागद बघून डॉक्टर आईला म्हणाले, "हिला रोग बिलकुल नाही. डॉक्टर दिसला की घाबरते, म्हणून पारा चढतो. वर्षातून दोनदा घरीच मोजा, बस."

आईचा विश्वास बसेना. ताईचा तर त्याहून नाही. त्या संध्याकाळी तिला अंगणात चल म्हटलं, तर ती उंबऱ्याशी दाराला धरून उभी राहिली. "कुणी रागावणार नाही ना?" असं तिनं दोनदा विचारलं.

डिसेंबरात आम्ही सगळे भोपाळला गेलो. तिथं ती वर्षानं लहान मुलींच्या वर्गात बसली. सुलूला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. जिन्याच्या मध्यावर थांबून मनगटावर बोट ठेवायची सवय कितीतरी वर्षं गेली नाही.

वीस वर्षांची झाल्यावर शिक्षिकेच्या नोकरीसाठी तिला पुन्हा डॉक्टरी तपासणी द्यावी लागली. मी बाहेरच्या बाकावर होते. दार उघडंच होतं. डॉक्टरांनी पट्टा उचलला तशी ती म्हणाली, "थांबा. हे बघून माझा दाब चढतो. मला दहा मिनिटं बसू द्या. तीनदा मोजा आणि दर वेळी किती आला ते मला सांगा."

डॉक्टर जरा चमकले, पण त्यांनी पट्टा खाली ठेवला आणि तिला खुर्ची दिली.

तिसऱ्या खेपेला एकशे बावीस आला. तो त्यांनी तिला मोठ्यानं वाचून दाखवला.