ट्रकातलं हळदीकुंकू

कर्णिकांची दशा झाली, ही बातमी मयूर विहारच्या सोसायटीत लिफ्टच्या आधी वर पोचली. दिलीपरावांची मानेसरची नोकरी गेली, फ्लॅट विकावा लागला, आणि आता नवराबायको कुत्र्यामांजरासकट ट्रकात दिवस काढतायत! तळमजल्यावर बातमी एवढीच होती. पाचव्या मजल्यापर्यंत जाता जाता विनया कर्णिक जयपूर हायवेवरच्या एका ढाब्यावर पोळ्या लाटायलाही लागली होती.

यातला ट्रक, कुत्रा आणि मांजर एवढं खरं. बाकी सगळी फोडणी.

नोकरी गेली नव्हती. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली आणि दिलीपरावांनी साहेबाचं भाषण संपायच्या आत अर्ज टाकला. फ्लॅट विकला नव्हता, एका बँकवाल्या जोडप्याला भाड्यानं दिला होता. आणि ट्रक म्हणजे विनयाची मागणी. उभा जन्म दिलीपराव कंपनीच्या बसनं मानेसरला गेले. अंधारात निघायचे, अंधारात परत यायचे, आणि आल्यावर आमटीच्या वाटीतच पेंगायचे. मुलगी राधा लग्न होऊन बंगलोरला गेली. मग दिवसभर विनयाच्या सोबतीला काय, तर खालच्या कुसुमावती देवधरांच्या मिक्सरचा आवाज. आज त्यांच्याकडे चटणी आहे की पुरण, हे तिला मिक्सरवरून कळायचं. पण चव बघायला म्हणून कधी कोणी बोलावलं नाही. निवृत्तीनंतर काय हवं, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या शेजारच्या सीटवर बसायचंय."

दिलीपरावांनी ते शब्दशः घेतलं. इंजिनिअरच शेवटी! जुना छोटा ट्रक घेतला आणि मानेसरच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून त्यावर खोली बांधून घेतली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, देवांसाठी कोनाडा. मागे दार आणि घडीच्या पायऱ्या. हवालदार नावाचा कुत्रा आणि सुंठ नावाची मांजर घेऊन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं निघाली.

शेजारची सीट मिळाली. शेजारचा माणूस मात्र पूर्वीइतकाच गप्प! गिअर बदलताना बोलायचं नसतं, असा दिलीपरावांचा समज, आणि आपल्या रस्त्यांवर गिअर सारखाच बदलावा लागतो. विनया हवालदाराशी बोलायची. तो निदान कान तरी हलवायचा.

संक्रांतीला मात्र तिनं दिल्लीचा हट्ट धरला. तिचं हळदीकुंकू कधी चुकलं नव्हतं. कच्छमधून तिनं वाणासाठी तांब्याच्या छोट्या घंट्या आणल्या होत्या, प्रत्येकीचा आवाज निराळा. एकदा त्या पायऱ्या चढून आपल्या बायका आत आल्या की ट्रकाचं घर होईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. नाही आल्या तर तो ट्रकच.

फाटकावरच गुरखा आडवा आला. "ट्रक अंदर नहीं आएगा, मॅडम."

"अरे, मी डी-ब्लॉकची कर्णिक!"

"आप आ जाइए. ट्रक नहीं आएगा."

मग समोरच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रक लावला. विनया करंडा घेऊन दारोदार फिरली, प्रत्येकीला कुंकू लावून रविवारी पाचचं बोलावणं करून आली. सगळ्या म्हणाल्या, "अगं बिल्कुल येणार!" कुसुमावतींनी तर तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती खाली पोचते न पोचते तोच सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा म्हणून त्यांनी फोनाफोनी सुरू केली. "हे बघा, बिचारीला वाण द्यावं लागेल, कुठून आणील ती? बसायला तरी जागा असेल का? उगाच ओशाळी होईल. तेव्हा एकीनंही जायचं नाही. चलो, ठरलं." सगळ्यांना ते पटलं. इतक्या चांगुलपणानं मंडळाचा एकही ठराव आजवर झाला नव्हता.

रविवारी विनयानं इरकली नेसली. चटई घातली, गुलाबदाणी भरली, तिळाच्या वड्यांचं ताट मांडलं, घंट्या दोरीला टांगल्या. पाच वाजता दिलीपरावांनी मफलर गुंडाळला. हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषानं घराबाहेर पडायचं, हा नियम. फ्लॅट असताना ते बाजारात चक्कर मारायचे. आता हवालदाराला घेऊन नाक्यावरच्या शेंगांच्या गाडीशी जाऊन उभे राहिले, ट्रकाकडे पाठ करून. बायका चढत-उतरत असणार, बघणं बरं नव्हे.

धुकं उतरत होतं. रस्त्यावरून बस गेली, ट्रक हादरला, घंट्या वाजल्या. विनया करंडा घेऊन लगबगीनं दाराशी गेली. कोणी नव्हतं. पुन्हा बस गेली, पुन्हा घंट्या. ती पुन्हा उठली. तिसऱ्यांदा उठली नाही.

समोरच्या गॅलऱ्यांत दिवे लागले. पडद्यांमागे डोकी हलत होती. खिडकीतून नवऱ्याची पाठ दिसत होती, हवालदार त्याच्या पायात अंग चोरून बसलेला. त्यांना हाक मारावी, तर काय म्हणून? या, कोणी आलं नाही?

पहिल्या पाहुणीच्या जागी सुंठ येऊन बसली. विनयानं तिच्या कपाळाला हळदीकुंकू टेकवलं. सुंठेनं पंजानं ते लगेच पुसून टाकलं.

शेंगावाला गाडी आवरून गेला तेव्हा दिलीपराव आले. पायऱ्यांखाली थांबून खाकरले. "गेल्या का सगळ्या?"

"गेल्या."

"बऱ्याच होत्या?"

"खूप."

ते आत आले. वड्यांचं ताट शिगोशीग भरलेलं होतं, दोरीवरच्या घंट्या जिथल्या तिथे. दिलीपराव काही बोलले नाहीत. गिअर तर कुठलाच बदलायचा नव्हता. त्यांनी एक घंटी काढून हवालदाराच्या पट्ट्याला बांधली, ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, "वड्या खुसखुशीत झाल्यात."

सकाळी दारावर थाप पडली. कुसुमावती धापा टाकत पायऱ्या चढल्या. हातात पिशवी, त्यात तांदूळ, तूरडाळ आणि दोन जुने स्वेटर.

"मंडळातर्फे आहे, घे. लाजू नकोस. पण विनया, एक सांगू? कितीही झालं तरी नवऱ्याला थंडीत असं बाहेर काढू नये ग. काल सगळ्या सोसायटीनं बघितलं."

विनयानं कुसुमावतींना चटईवर बसवलं, पिशवी त्यांच्याच मांडीशी ठेवली, आणि सगळं सांगितलं. फ्लॅट भाड्यानं दिलाय. नोकरी त्यांनी स्वतः सोडली. आणि काल ते बाहेर उभे होते, कारण आत तुम्ही असणार होतात.

कुसुमावतींचं तोंड उघडं राहिलं. त्यातून बातमी बाहेर पडली नाही, अशी ही पहिलीच वेळ.

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"बोलावणं करायला आले होते, तेव्हा विचारायचं नाही का?"

तिनं त्यांना हळदीकुंकू लावलं, वडी दिली, घंटी दिली. पुढे दिलीपरावांनी इंजिन सुरू केलं होतं. हवालदार गळ्यात घंटी वाजवत शेजारच्या सीटवर चढला होता. विनयानं हाक मारून त्याला मागे घेतलं. कुसुमावती जपून एकेक पायरी उतरल्या, आणि घंटी मुठीत धरून खालूनच म्हणाल्या, "झालं ते झालं. पण हे भटकणं पुरे आता. आपल्या माणसांत राहा ग. अशानं अगदी एकटी पडशील."

विनयानं पायऱ्यांची घडी घातली आणि म्हणाली, "कुसुमताई, एकटी तर मी तुमच्या डोक्यावर अठरा वर्षं होते. आता निदान खिडकीबाहेरचं गाव तरी बदलतं."