रुखमाईनं परत पाठवलेली संत्री

देवावरचा माझा विश्वास डळमळला तो वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तोही ऐन कार्तिकात, अमरावतीच्या एका दवाखान्यात लोखंडी पलंगाशेजारी स्टुलावर बसलेलो असताना. सगळा जन्म देव देव करण्यात गेला आणि शेवटी शेवटी असं व्हावं, याची मला लाज वाटत होती आणि रागही येत होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्या मुलाला मी लहानपणी कान धरून हरिपाठाला बसवलं, त्याच्यासमोर कोणत्या तोंडानं म्हणणार, की बाबा रे, माझं आता वर कुणाशी पटत नाही?

पलंगावर माझी बायको होती, गोदा. अंगणात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर बाईनं जेवणच सोडलं. वरण दिलं तर तोंड मिटायची, पेज दिली तर मान फिरवायची. बोलणंही बंद. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला आणि मुलाला, दिलीपला, बाजूला घेतलं. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाले. वर हेही म्हणाले, की नळीनं पोट भरेल, पण या वयात माणसाची उठायची इच्छाच गेली तर आमच्या हातात फारसं काही राहत नाही. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. अठ्ठावन्न वर्षांचा संसार. तिच्याशिवाय घर कसं असतं हे मला माहीतच नव्हतं, आणि ते शिकायची माझी तयारी नव्हती.

माझा जन्म शेतातला. शेंदूरजनाघाटजवळ आमची जमीन आहे आणि आईला तुरीच्या वावरातच कळा लागल्या होत्या, त्यामुळे हे शब्दशः खरं आहे. वडील कापूस घ्यायचे. संत्र्याची बाग मी लावली, लग्नानंतर. संत्र्याचं झाड मोठं मानी असतं. हिवाळ्यात त्याचं पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत वाट पाहायची आणि नेमक्या दिवशी पाणी सोडायचं, मग ते फुलतं. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. दोन दिवस आधी पाणी दिलं तर फूल कमी, चार दिवस उशीर झाला तर फांदी वाळते. तो दिवस माझा कधी चुकला नाही. चार गावचे लोक मला विचारायला यायचे आणि मीही जरा छाती फुगवून सांगायचो. त्या बागेवर दोन मुलींची लग्नं झाली, दिलीप शिकला आणि परत येऊन आता तीच बाग पाहतो. भांडणं झाली नाहीत असं नाही, पण रात्रीचं जेवण कधी कुणी वेगळं घेतलं नाही. माझ्या आयुष्याची एवढीच कमाई आणि ती मला पुरेशी वाटते.

बागेला पहिल्यांदा फळ धरलं तेव्हा गोदानं एक नेम घातला. दरवर्षी पहिली पाच संत्री कौंडण्यपूरच्या रुखमाईला न्यायची आणि तिला दाखवल्याशिवाय घरात कुणी फोडही तोंडात घालायची नाही. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. वर्धा नदीच्या काठी, उंचावर देऊळ, कार्तिकात जत्रा. योगायोग असा, की गोदाचं माहेरही तिथून हाकेच्या अंतरावर. सुरुवातीला आम्ही बैलगाडीनं दोन मुक्काम करत जायचो, पुढे एसटीनं. नेम तिनं घातला, पण पाळण्याचा ताठा माझा. एकदा धाकटीनं झाडाखालचं पडलेलं संत्रं खाल्लं तर मी पोरीला एवढं बोललो, की ती दोन दिवस माझ्यासमोर आली नाही. अलीकडे गोदाचे गुडघे धरल्यावर मी एकटाच जायचो.

त्या वर्षीही मी दिलीपकडून बागेतली रंग धरलेली पाच संत्री मागवली होती. देवाशी अबोला होता, पण नेम मोडायची हिंमत नव्हती. डॉक्टर बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेऊन निघण्याआधी गोदाला सांगायला म्हणून पलंगाजवळ गेलो. टोपली गादीवर टेकवली. आणि आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेल्या बाईनं मान वळवली, हात उचलला आणि टोपलीचा काठ धरला.

आज लिहितानाही मला माझीच चीड येते. मी काय करावं? मी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणालो, "रुखमाईचं हाये ना ते! तिले दाखवल्याशिवाय कसं खाशीन?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हात आत घेतला आणि पुन्हा भिंतीकडे वळली. दिलीप दारात उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला. मी खाली मान घालून टोपली उचलली आणि स्टँडवर गेलो.

बसमध्ये टोपली मांडीवर होती आणि संत्र्यांचा वास नाकात जात होता. आठ दिवसांत तिनं आपणहून एकदाच काही मागितलं होतं आणि ते मी तिच्या हातून काढून घेतलं होतं. परत फिरावं असं दोनदा मनात आलं. पण एवढ्या वर्षांचा नेम, आणि वर भीती, की आता चुकलो तर रुखमाई गोदाला नेईल. देवावर विश्वास उरला नव्हता, देवाची भीती मात्र शाबूत होती. कौंडण्यपूरला उतरलो, पण पायऱ्या चढायचं मन होईना. पायऱ्यांपाशी एक हारवाली बसली होती, असेल पन्नाशीची. तिच्या दुकानाच्या सावलीला मी बसलो.

"कावून बसले बावाजी? वर नाई जात का?" तिनं झेंडू ओवता ओवता विचारलं.

घरातलं दारात आणायची मला सवय नाही. पण त्या बाईला मी सगळं सांगून टाकलं: खुबा, नळी, तिचं इथलं जवळचं माहेर, टोपली, सोडवलेली बोटं. सांगताना रडूही आलं. ती ओवत राहिली. मान वर न करता म्हणाली, "अन् तुमी नाई देल्लं तिले?"

"देवाचं होतं माय."

"देव म्हंजे कोन? सगळ्या जगाची आई असंन रुखमाई, इथं ती या गावची लेक हाये, अन् तुमची म्हातारी इथल्याच भागातली, म्हंजे तिची मायच. माय उपाशी निजली असल्यावर कोनती लेक पहिले खाईन?" मग तिनं सुई बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "जा, वापस जा. एक ठेवा इथं, मी दाखवतो तिले. बाकीचे मायले न्या."

मी एक संत्रं तिच्या पाटीत ठेवलं. तिनं टोपलीत शेवंतीचं एक फूल टाकलं, म्हणाली, माहेरून रिकामं नाही जात कुणी. मी खालूनच कळसाला हात जोडले. दर्शन न घेता मी कौंडण्यपुराहून फिरलो तो आयुष्यात पहिल्यांदा. आणि खरं सांगतो, भीती वाटली नाही. उलट ब्याऐंशी वर्षं डोक्यावर घेतलेलं एक ओझं कुणीतरी हात लावून उतरवल्यागत झालं. स्टँडवर आलो तर अमरावतीची बस सुटतच होती. कंडक्टरनं हात देऊन वर घेतलं.

दुपारी दवाखान्यात पोचलो. गोदा तशीच पडून होती. मी टोपली उशाशी ठेवली आणि म्हणालो, "रुखमाईनं वापस पाठवली. म्हने, पहिले माह्या मायले दे."

मग तिनं तोंड वळवलं. ओठ सुकलेले होते.

"कोन म्हने?" तिनं विचारलं.

आठ दिवसांनी ऐकलेला तो आवाज. संत्रं दिलीपनं सोललं. मी फोडीचा पापुद्रा काढला, बिया काढल्या आणि तिच्या ओठांशी धरली. तिनं तोंड उघडलं. एक फोड, दुसरी, तिसरी. रस हनुवटीवर ओघळला तो मी धोतराच्या सोग्यानं पुसला आणि त्याच सोग्यानं माझे डोळे. दीड संत्रं खाल्लं तिनं. संध्याकाळी तिनं पेज मागितली आणि "मीठ कमी हाये" म्हणाली. डॉक्टर हसून म्हणाले, तक्रार सुरू झाली, आता नळी नको. पुढच्या पंधरवड्यात आम्ही घरी आलो.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते मी ठरवत नाही. शरीर आपोआप सावरतं असंही कुणी म्हणेल, आणि ते खोटं असेलच असं नाही.

यंदाच्या कार्तिकात दिलीपनं आम्हा दोघांना, पाच संत्र्यांच्या टोपलीसकट, गाडीनं कौंडण्यपूरला नेलं. गोदा वॉकर घेऊन पायऱ्यांपर्यंत आली. हारवाली तिथंच होती. मी तिचे आभार मानू लागलो तर ती बुचकळ्यात पडली. "मी म्हनलं असं? नाई बा आठवत. रोज किती लोकं येतात बावाजी!" ती हसली, मीही हसलो. गोदासाठी मात्र तिनं आपलं पोतं सरकवून जागा केली.

तिथं बसल्यावर नदीकडे पाहत गोदा म्हणाली, "अवो, एक सांगू का? दवाखान्यात मले संत्रं नोतं पायजे."

"मंग टोपली कावून धरली होती?"

"तुमी इकडे येऊन राहिले होते ना. मले वाटलं, मलेबी घेऊन चला." मग ती हसली, लग्नातल्यासारखी लबाड. "हा नेमबी मी त्यासाठीच घातला होता. तवा सुनेले माहेरी कोन धाडते? देवाचं नाव घेतलं त तुमी दरसाल गाडी जुंपली. आता माय नाई, भाऊ नाई. इथं माहं कोन उरलं? हेच एक, रुखमाई. तिनं मायले म्हनून धाडलं, त खाल्लं मी."

ज्या नेमापायी मी लेकीला रडवलं, बायकोची बोटं सोडवली, तो नेम म्हणजे एका सासुरवाशिणीची माहेरची ओढ होती. झाडाला पाणी कधी सोडायचं ते मला कळत होतं. घरातल्या माणसाला काय हवं ते अठ्ठावन्न वर्षांत मी विचारलं नव्हतं. मी चुकीचं समजलो होतो, हारवालीनंही चुकीचंच समजून सांगितलं, आणि तरीही जे जिथं पोचायचं ते तिथं पोचलं. म्हणून आता मी रुखमाईला समजून घ्यायच्या भानगडीत पडत नाही. ती सांगेल तिकडे वळतो.

मी टोपलीतलं एक संत्रं सोललं आणि गोदाच्या हातात दिलं. तिनं अर्धं हारवालीला दिलं. मग दिलीपचा हात धरून मी पायऱ्या चढलो. गाभाऱ्यात टोपली ठेवली, हात जोडले, आणि एवढंच म्हणालो, "माय, एक कमी हाये. ते गोदा खाली बसून खाऊन राहिली. यंदा मी तिले सोबत आनलं."