शिगवणांची मंदी

कामोठ्याला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर सुभाष शिगवण राहतात. माणूस अबोल. मीटिंगला आले तर सही करून मागच्या खुर्चीत बसणार, आणि कमिटीत या म्हटलं की हात जोडणार. "जबाबदारीचं काम मला सांगू नका," एवढंच म्हणायचे. आम्हाला वाटायचं, स्वभाव असेल एकेकाचा. तसं नव्हतं, हे त्यांच्या बायकोनं, जयमालावहिनींनी मला नंतर सांगितलं.

शिगवण मूळचे चिपळूणकडचे. तुर्भ्याला कपड्यांचं एक एक्सपोर्ट युनिट होतं, तिथं ते शिलाईच्या लाइनवर सुपरवायझर होते. हाताखाली बहुतेक बायका. जॅकेटं शिवून अमेरिकेला जायची आणि प्रत्येक लॉट शिगवणांनी तपासल्यावरच पॅक व्हायचा. २००८ साली गणपतीच्या गडबडीत एक लॉट गेला, त्यातल्या काही जॅकेटांचे खिसे वाकडे निघाले. तिकडून तक्रार आली. मालक सगळ्यांसमोर शिगवणांना नको नको ते बोलले. पुढे महिन्याभरात त्याच अमेरिकन कंपनीनं सगळ्या ऑर्डरी रद्द केल्या आणि दिवाळी झाल्यावर युनिटला कुलूप लागलं.

आपल्यामुळेच एवढ्या बायकांचं काम गेलं, असं शिगवणांनी मनाशी धरलं ते धरलंच. पुन्हा कुठं सुपरवायझर म्हणून गेले नाहीत. एका कुरिअरच्या ऑफिसात पाकिटं वेगळी करायचं काम धरलं आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. जुन्या लाइनमधली कुणी बाजारात दिसली तर हे भाजी न घेताच घरी परतायचे.

"अहो, दोन खिशांनी कारखाना बुडतो का?" वहिनी म्हणायच्या.

"मग कशानं बुडला?"

वहिनी मग चहा ठेवायला उठायच्या.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर क्रांती राहते. तिला जन्मापासून दिसत नाही. गेल्या वर्षी ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय अर्थशास्त्र. फोन तिला बरंच काही वाचून दाखवतो, पण कॉलेजातल्या मराठी नोट्सच्या पुसट झेरॉक्स त्यालाही वाचता येईनात. तिची आई वहिनींकडे आली, "ताई, तुमचा आवाज मोकळा आहे, पोरीला वाचून दाखवाल का?" मग दुपारी क्रांती वर यायची, वहिनी वाचायच्या आणि ती रेकॉर्ड करून घ्यायची. शिगवण गॅलरीत पेपर घेऊन बसलेले असायचे.

एका दुपारी धडा निघाला, २००८च्या जागतिक मंदीची कारणं. वहिनी वाचत गेल्या. अमेरिकेत ज्यांची फेडायची ऐपत नव्हती अशांनाही घरांसाठी कर्जं दिली गेली. बँकांनी त्या कर्जांच्या मोळ्या बांधून जगभर विकल्या. घरांचे भाव कोसळले, एक मोठी बँक बुडाली, मग कुणी कुणावर विश्वास ठेवेना. तिथल्या लोकांनी खरेदी आवरली आणि दुकानदारांनी परदेशातल्या ऑर्डरी रद्द केल्या. भारतात त्याचा फटका हिरे, कातडी वस्तू आणि तयार कपडे...

वहिनींनी गॅलरीकडे पाहिलं.

"काकू, थांबलात का?" क्रांतीनं विचारलं.

शिगवण गॅलरीच्या दारात येऊन उभे होते. "ते परत वाच," ते म्हणाले.

वहिनींनी परत वाचलं. शिगवण खुर्ची ओढून बसले आणि त्या पोरीला त्यांनी सगळं सांगितलं. लॉट, खिसे, मालकांचं बोलणं. शेवटी म्हणाले, "मग खिसे सरळ असते तर?"

क्रांती म्हणाली, "काका, तुमच्या युनिटचं मी नक्की कसं सांगू? पण वाकड्या खिशांसाठी फार तर तो लॉट परत आला असता. सगळ्या ऑर्डरी नाही जात. त्या वर्षी तर ज्यांचे खिसे सरळ होते त्यांच्याही गेल्या."

शिगवणांना हलकं वाटायला हवं होतं. उलट ते चिडले. "इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही मला?" असं म्हणत चपला घालून खाली निघून गेले. रात्री जेवले नाहीत.

दोनचार दिवस गेल्यावर क्रांतीच वर आली. तिला प्रोजेक्ट करायचा होता, मंदीत आपल्या भागातल्या कामगारांचं काय झालं यावर. "काका, तुमच्या लाइनमधलं कुणी भेटेल का? मला एकटीला घर नाही सापडणार, तुम्ही चला ना."

तिला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांच्या लाइनमधल्या सुंदराबाई आता कोपरखैरण्याला ब्लाउज शिवतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. रविवारी दोघं निघाले. क्रांतीनं त्यांचा दंड धरला होता.

सुंदराबाईंनी मशीनवरून मान वर केली, चष्मा सारखा केला आणि ओरडल्याच, "सायेब! अवो, आत या की!"

चहा आला. क्रांतीनं प्रश्न विचारले, सुंदराबाईंनी सगळं सांगितलं. मधेच शिगवण म्हणाले, "सुंदराबाई, तो वाकड्या खिशांचा लॉट मीच पास केला होता."

"कसले खिसे?" सुंदराबाईंना काही आठवेना. "आमाला येवडंच आठवतंय, मालक गाडीत बसून गेलं आन् तुमी एकटं गेटावर हुबं ऱ्हायलात. एकेकीला इचारत हुतात, घरी कसं जाशील म्हून. मंग पुन्यांदा कदी दिसलाच न्हाई. आमाला वाटलं, सायेब आमच्यावर रागावलं."

शिगवणांनी रुमाल काढला. सुंदराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि उठून पंखा वाढवला. क्रांतीचा रेकॉर्डर चालूच होता, पण तेवढा भाग तिनं प्रोजेक्टमध्ये घेतला नाही.

प्रोजेक्टचं कॉलेजात कौतुक झालं. आता ती एम.ए. करतेय.

यंदा भाऊबिजेला सुंदराबाई आणि जुन्या लाइनमधल्या आणखी दोघी न सांगता कामोठ्याला आल्या. वहिनींची धांदल उडाली. शिगवण जिन्यात मला भेटले ते दुधाची पिशवी घेऊन, घाईत, धापा टाकत. "पाहुण्या आल्यात," एवढंच म्हणाले आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेले.