एकच गाव सांगा

विमलताई पांढरकवड्यात सून होऊन आल्या त्याला आता तीस-पस्तीस वर्षं झाली, तरी शेजारणी अजून पाठीमागे त्यांना 'तेलंगीण' म्हणतात. कारण एवढंच, की त्यांचं माहेर पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्याही पुढे एका खेड्यात आहे. माहेरच्या घरात बोलणं मराठीच, पण शाळा, बाजार आणि भांडणं तेलुगूत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी चिंच घालून वरण केलं, तेव्हा सासूनं नाक मुरडून "आली तेलंगणातली आमटी" म्हटलं होतं. विमलताईंनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच वरण केलं. सहा महिन्यांत सासू तेच मागून खाऊ लागली.

बाई अशी आहे. कापूस वेचायला मजुरांच्या पुढे, आणि एकदा मनात घेतलं की मागे वळून पाहणं नाही. त्यांचे यजमान भगवानराव म्हणतात, "आमची बाई अन् हायवेवरचा ट्रक, हात दाखवून थांबत नाही." हे ते बायको ऐकत असतानाच म्हणतात, यावरून त्यात तक्रार किती आणि कौतुक किती ते समजून घ्यावं.

दर गुरुवारी विमलताई आईला भेटायला जातात. आई पार थकली आहे आणि माणसं विसरत चालली आहे. लेकीलाही ओळखत नाही. मुलगा अमर एकदा म्हणाला, "माय, आजी तुले ओळखत नाही, तर एवढी उठाठेव कायले करतं?"

"तिले आठवत नाही हे तिचं दुखणं हाय," विमलताई डबा बांधता बांधता म्हणाल्या. "मी गेली नाही, तर तो माहा कोडगेपणा."

आजवर आदिलाबादच्या स्टँडवर भाऊ घनश्याम मोटरसायकल घेऊन उभा असायचा. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या गुरुवारी विमलताईंना पहिल्यांदाच एकटीनं गावच्या बसमध्ये बसावं लागलं.

इकडच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट. तिकडे बायकांना फुकट, हे विमलताईंनी ऐकलं होतं. फुकट ते फक्त त्या राज्यातल्या बायकांना, आणि तसं कार्ड दाखवावं लागतं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. फुकटाची बातमी नेहमी अर्धीच पोचते.

बस बायकांनी गच्च भरली होती. कंडक्टर तरुण बाई होती, कपाळावर घाम, हातात तिकिटाचं मशीन. गर्दीतून वाट काढत ती विमलताईंपाशी आली आणि तेलुगूत विचारलं, "आक्का, कोणतं गाव?"

नदीपलीकडे गेल्यावर लग्न झालेल्या बाईला गाव विचारलं, की ती काय सांगणार? बापाचं गाव. सासरी गेल्यावर नवऱ्याचं आणि माहेरच्या मातीत पाय ठेवला की बापाचं, ही त्या भागातली जुनी रीत आहे. विमलताईंनी माहेरच्या गावाचं नाव सांगितलं, वर वडिलांचंही सांगितलं. कंडक्टरनं गर्दीच्या गडबडीत शून्याचं तिकीट फाडून दिलं. विमलताईंना वाटलं, लेकीबाळींची कदर आहे इथे. त्यांना फार बरं वाटलं.

फाट्यावर तपासणीस चढला. एकेक बाईचं कार्ड पाहत तो विमलताईंपर्यंत आला. त्यांनी पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. त्यानं ते वाचलं, उलटलं, पुन्हा वाचलं.

"यवतमाळ जिल्हा. तुम्ही बाहेरच्या राज्यातल्या. फुकट तिकीट कसं घेतलं?"

"तिनं गाव विचारलं, मी सांगितलं."

"खोटं गाव सांगितलं. दंड पडेल."

तीन सीट पुढे बसलेल्या दोघी त्यांच्याच गावच्या होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं. ज्या गावच्या विहिरीवर विमलताई लहानपणी पाणी भरायला जात, त्या गावच्या बायकांसमोर त्यांना खोटारडी म्हटलं गेलं होतं. दंडाचं त्यांना काही वाटलं नाही. हे मात्र लागलं, आणि खोल लागलं.

तपासणीस आता कंडक्टरकडे वळला. "हिनं फसवलं, की तूच कार्ड पाहिलं नाही? काय ते एक सांग. रिपोर्ट लिहायचा आहे."

ती पोरगी पांढरीफटक पडली. शेजारच्या म्हातारीनं विमलताईंच्या कानात सांगितलं, "म्हण की चुकून खोटं बोलले. दंड भर आणि मोकळी हो. तुला इथं कोण विचारतंय पुन्हा?"

सल्ला व्यवहाराचा होता. पण पुन्हा विचारणारी माणसं त्याच बसमध्ये बसली होती, आणि विमलताईंना दर गुरुवारी याच रस्त्यानं यायचं होतं. त्या उभ्या राहिल्या. राग आला की त्यांची तेलुगू संपते आणि वऱ्हाडी सुरू होते. तपासणीस त्याच भागातला, त्याला ती कळत होती.

"दंड घ्या साहेब, जेवढा असंल तेवढा घ्या. पण खोटं बोलली म्हणू नका. हे माह्या बापाचं गाव हाय. मी तिथंच जन्मली."

"मग पांढरकवडा कोणाचं?"

"तेही माहं."

"बाई, एकच गाव सांगा."

"बायकोले माहेर असंल ना तुमच्या?" विमलताई म्हणाल्या. "तिले विचारून पाहा, एकच सांगते का. या कंडक्टर पोरीले विचारा. साऱ्या बसले विचारा. हिनं मले विचारलं, म्या सांगितलं, दोघींचंही खरं हाय. तिकडं मले तेलंगीण म्हणतात, इकडं तुम्ही बाहेरची म्हणता. म्हणा. पण खोटी मी कुठंच नाही."

बायकांमध्ये कुजबुज झाली. पुढच्या दोघींपैकी एक उठून तेलुगूत म्हणाली, "घनश्यामची बहीण आहे ती. आम्ही ओळखतो." विमलताईंच्या बोलण्यावर मराठी कळणाऱ्या हसल्या, न कळणाऱ्यांना त्यांनी ते सांगितलं, मग त्याही हसल्या. तपासणीसालाही घरी बायको असणार. त्यानं टोपी काढून डोकं पुसलं.

"बरं. खोटं नाही. पण कार्ड इकडचं नाही."

"हे बराबर बोलले तुम्ही," विमलताई म्हणाल्या. "याचा दंड देतो."

त्यांनी दंड भरला, आणि लगेच कंडक्टरपुढे पैसे धरून पूर्ण तिकीट मागितलं. तपासणीसानं त्या पोरीला पुढच्या वेळी कार्ड बघायची ताकीद दिली आणि रिपोर्ट न लिहिता उतरून गेला.

गावात बातमी बसच्या आधी पोचली होती. घनश्याम डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून दारातच उभा. "ताई, आपल्या पत्त्यावर तुहं कार्ड करून घेऊ. ओळखीचा माणूस हाय. मग फुकट येजो."

"कार्डावर एकच गाव मावते रे," विमलताई चपला काढत म्हणाल्या. "तिथं पांढरकवडाच राहू दे. इथं मी तिकीट काढून येईन. आजच एवढी भांडली खरेपणासाठी, अन् आता घरात येऊन खोटं करू?"

आई ओसरीवर बाजेवर बसली होती. विमलताईंनी डबा उघडून चिंचेचं वरण घालून भात कालवला आणि तिला भरवू लागल्या. दोन घास खाऊन आईनं मान वर केली आणि नेहमीसारखं त्यांच्याकडे अनोळखी डोळ्यांनी पाहिलं.

"कोणत्या गावची वं बाई तू?"

दिवसातून तिसऱ्यांदा तोच प्रश्न. बसमध्ये ताठ उभी राहिलेली बाई इथे क्षणभर ढासळली. डोळे भरून आले. बापाचं गाव सांगून इथे काही उपयोग नव्हता.

"पांढरकवड्याची," त्या म्हणाल्या.

आईचा चेहरा उजळला. "पांढरकवड्याले? आमची इमल दिली हाय तिथं. तुले भेटते का कधी? तिले म्हणावं, मायले भेटून जाय एकदा."

विमलताईंनी पदरानं आईचं तोंड पुसलं आणि पुढचा घास उचलला.

"सांगतो," त्या म्हणाल्या. "गुरुवारी घेऊनच येतो तिले."