साडी-गार्डाची जाळी

शाहूपुरीतल्या त्या शोरूममध्ये आम्ही गेलो तेव्हा कुठली गाडी घ्यायची ते ठरलेलंच होतं. रंगसुद्धा ठरला होता, काळा. म्हटलं, सह्या करायच्या, पेढे वाटायचे आणि तासाभरात मोकळं व्हायचं. कसलं काय! आम्ही खुर्चीत टेकतोय तोवर सेल्समननं एक गुळगुळीत रंगीत कागद पुढं पसरला आणि सुरू झाला. एक्सटेंडेड वॉरंटी घेणार का? सर्व्हिसचं पॅकेज? खालून गंज लागू नये म्हणून कोटिंग? क्रॅश गार्ड साधा की जाड नळीचा? बटनस्टार्ट पाहिजे की किकवर भागवणार? मी तेव्हा नुकतीच कोल्हापुरात, त्याच शाहूपुरीत, एका ऑफिसात नोकरीला लागले होते. शहाणपण उतू चाललं होतं. मी कागदाची ओळ न् ओळ वाचून त्याच्याशी हुज्जत घालत बसले.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या कागदाकडं बघतही नव्हते. हुपरीला आमच्या घरातच पैंजणाचं काम चालायचं. चांदीची तार ओढायची, तिच्या कड्या करायच्या आणि कडीत कडी अडकवायची, ह्यातच आबांचं आयुष्य मान खाली घालून गेलेलं. त्या कागदातलं त्यांना काहीच नको होतं. ते उठले, तिथं उभ्या केलेल्या गाडीच्या मागच्या चाकापाशी जाऊन उकिडवे बसले आणि तिथनंच आख्ख्या शोरूमला ऐकू जाईल असं ओरडले, "पावणं, मागं बाईमाणूस बसलं तर पदर चाकात जाईल का न्हाय, तेवढं सांगा की!"

कोणीतरी फिसकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, साडी-गार्ड कंपनीचाच आहे," सेल्समन म्हणाला. "त्याचे वेगळे पैसे पण नाहीत."

"ते दिसतंयच की." आबांनी गार्डाच्या दोन सळ्यांमधून हात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला. "ह्यातनं पदर न्हाय, आख्खं लुगडं जाईल."

आबांच्या डोक्यात काय आहे ते मला पक्कं माहीत होतं. मी लहान असताना, नव्वद सालाच्या आसपास, आई तिच्या भावाच्या जुन्या मोटारसायकलवर मागं बसून नात्यातल्या एका लग्नाला निघाली होती. आईचं माहेर गारगोटीकडं. वाटेत तिचा पदर चाकात गेला आणि ती गाडीवरून खेचली गेली. जीव वाचला, पण हनुवटीला टाके पडले. त्या दिवसापासून ती कुणाच्याच दुचाकीवर बसली नाही. नुसतं तेवढंच नाही. घराबाहेर पाऊल टाकलं की तिचा पदर डाव्या मुठीत. मागून गाडीचा आवाज आला की ती मूठ पोटाशी घट्ट. एसटीत खिडकीपाशी बसली तरी मूठ सुटायची नाही. एका हातानंच ती बाजार करायची, पिशवी धरायची, तिकिटाचे सुटे काढायची. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आबांना मात्र वाटत होतं. हुपरीहून गारगोटीला जायचं म्हणजे कोल्हापुरात एसटी बदलायची, ताटकळत उभं राहायचं, आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं म्हणून माहेरी पोचून तासाभरात उठायचं. आई माहेरी जाणंच टाळायला लागली होती. "सोताच्या गाडीवर तुला म्हायेरी न्हेतो," हे आबांचं कितीतरी वर्षांचं बोलणं. त्यावर आईचं उत्तर ठरलेलं. "आणा की गाडी. कोण नको म्हणतंय? पर मला बस म्हणायचं न्हाय. आदीच सांगून ठिवतो."

तर आबा त्या चाकापाशी उकिडवे बसूनच म्हणाले, "ह्या सळ्यांवर मी बारीक जाळी जोडून घेतो. घरचंच काम हाय."

सेल्समननं नकारार्थी मान हलवली. "बाहेरून वेल्डिंग केलं, काही जोडलं, की वॉरंटी रद्द. एक्सटेंडेड घेतली तर तीपण रद्द."

मी भडकलेच. "आबा, जाळीबिळी काही नाही! उद्या इंजिनाचं काही निघालं तर कुणाच्या दारात जायचं? आणि जाळी लावून तरी आई कुठं बसणार आहे?"

शेवटचं वाक्य आबांना लागलं. ते उठून खुर्चीवर येऊन बसले आणि मी बोट ठेवलं तिथं सह्या करत गेले. एक्सटेंडेड वॉरंटी घेतली, सर्व्हिसचं पॅकेज घेतलं. क्रॅश गार्ड, कोटिंग वगैरे सगळ्यावर फुली. मी वॉरंटी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि जग जिंकल्यासारखी बाहेर आले.

गाडी घरी आली. चाकाखाली लिंबू झालं, नारळ झाला, गल्लीत पेढे वाटून झाले. आईनं हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, मग वाकून आपल्या पदराचं टोक गार्डाच्या सळ्यांमधून आत सारून बघितलं. ते सरळ तारांच्या चाकाला जाऊन टेकलं. तिनं पदर बाहेर ओढला, "झ्याक हाय गाडी," म्हणाली आणि आत निघून गेली. आबा किती तरी वेळ हातात पेढ्याचा बॉक्स घेऊन उभेच होते. मला त्यांची फार दया आली.

मग आबांनी जाळी करायला घेतली. रोजचं काम आवरलं की संध्याकाळी ते पितळेची तार घेऊन बसायचे. पैंजणाच्या असतात तशाच कड्या, फक्त जरा मोठ्या. कडीत कडी, ओळीला ओळ. करंगळीचं टोकसुद्धा आत जाणार नाही अशी विणली. आणि वर मला म्हणाले, "हे बघ, जोडाला डाग दिल्याला न्हाय, वेल्डिंग न्हाय, काय न्हाय. पैंजणाला असतो तसला नुसता आकडा केलाय. सर्व्हिसिंगला जाताना काढायची, आलं की लावायची. तुझी वॉरंटीबी ऱ्हाईल."

गाडी चालू झाली की ती जाळी बारीक खुळखुळायची. गल्लीतली माणसं आबांना सोडतात होय? "काय वो, गाडीच्या पायात पैंजण घातलं व्हय?" "ओटी कवा भरायची?" आबा हसायचे आणि पुढं जायचे. मी शनिवारी गावी गेले की मला तो आवाज लांबून ऐकू यायचा आणि लाज वाटायची. कंपनीची एवढी देखणी गाडी, आणि तिला हे लोढणं!

आई बरेच दिवस नुसती बघायची. एकदा कुणाचं लक्ष नाही असं बघून तिनं पदराचं टोक जाळीत कोंबून पाहिलं. गेलं नाही. बोट घालून पाहिलं. तेही गेलं नाही. पुढं एका रविवारी ती आपणहून बाहेर आली, मागं तिरकी बसली, उजवा हात आबांच्या खांद्यावर, डाव्या मुठीत पदर. "कोपऱ्यापातुरच," म्हणाली. आबांनी दोन्ही पाय जमिनीला घासत गाडी कोपऱ्यापर्यंत नेली. आईचे डोळे मिटलेले. मग हळूहळू बाजारापर्यंत, मळ्यापर्यंत. एकदा सर्व्हिसिंगहून आल्यावर आबा जाळी लावायला विसरले होते. गाडी सुरू होताच आईनं खाली उडी टाकली. "आवाज न्हाय आला. जाळी कुटाय?" ती त्या खुळखुळीवर कान ठेवूनच बसायची हे मला तेव्हा कळलं. पण बसली तरी मूठ मात्र सुटत नव्हती.

अशात पुढची सर्व्हिसिंग आली, आणि आई म्हणाली, "मीबी येतो. तिथनं तसंच गारगोटीला जाऊ." आबांनी मला ऑफिसात फोन केला तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. मी बजावलं, शोरूमच्या अलीकडं थांबून जाळी काढा म्हणजे झालं.

जेवणाच्या सुट्टीत मी शोरूमला पोचले तर गाडी आत उभी, जाळी जागच्या जागी, आणि सुपरवायझर कमरेवर हात ठेवून तिच्याकडं बघतोय.

"आबा! अहो, सांगितलं होतं ना!"

"तिला मधीच उतरीवलं असतं तर परत बसली नसती," आबा हळूच म्हणाले.

सुपरवायझर म्हणाला, "हे बाहेरचं फिटिंग आहे. कार्डावर लिहावं लागेल." मी वाद घातला. वेल्डिंग नाही, नुसता आकडा आहे, हातानं निघतो. तो काही वाईट माणूस नव्हता. "मग आत्ता काढा," तो म्हणाला, "मी बघितलं नाही असं समजतो. पण परत लावायची नाही. पुढच्या वेळी दिसली तर मला लिहावंच लागेल."

आबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे. ते उकिडवे बसले आणि त्यांनी आकड्याला हात घातला.

"अवो, हात लावू नका तिला!" आई म्हणाली. मग सुपरवायझरकडं वळली. "लिवा, काय लिवायचं ते."

"आई, अगं वॉरंटी जाईल. सगळी!"

"जाऊ दे की. ती गाडीसाठी हाय." तिनं जाळीकडं बोट केलं. "ही ह्यांनी माझ्यासाठी केलीया."

आबा तसेच खाली बसलेले, आकड्यावर हात. त्यांनी मान वर केलीच नाही. मी पर्समधून कार्ड काढून दिलं. सुपरवायझरनं त्यावर लिहिलं, शिक्का मारला. मला राग येईल असं वाटलं होतं. राग आला नाही, रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच हेल्मेटांच्या किमती बघत उभी राहिले.

सर्व्हिसिंग झाली. आबांनी गाडी रस्त्यावर आणली, किक मारली. जाळी खुळखुळली. आई मागं बसली आणि तिनं आबांच्या खांद्यावर उजवा हात ठेवला. गारगोटीच्या दिशेनं वळताना तिनं मागं बघून मला हात केला. लहान पोरं एसटीच्या खिडकीतून करतात तसा, लांबवर दिसेपर्यंत हलवत राहिली. मीही हलवला. ती दिसेनाशी होता होता माझ्या लक्षात आलं, हलत होता तो डावा हात होता.